नलू पुण्याला गेली आहे

मार्चमधल्या एका बुधवारी दहावीचा हिंदीचा पेपर होता. अकरा वाजता पेपर सुरू झाला. साडेबारा वाजता वर्ग सातमध्ये पर्यवेक्षण करताना नलू खाली पडली. तिला दवाखान्यात नेलं. दीड वाजता ती गेली. दोन वाजता पेपर संपला. मी वर्ग आठमध्ये होते. मी उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या, बांधल्या आणि केंद्रसंचालकांच्या टेबलावर ठेवल्या. मग मला सांगितलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मार्च पुन्हा आला. मार्च आला की शाळेचा वास बदलतो. बाकांवर बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवतात, त्या खळीचा वास येतो. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला मोहोर असतो. रस्त्यावरून उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या जातात आणि मागे सांडलेलं पाचट चाकांखाली रगडलं जातं, त्याचा गोडसर, शिळा वास येत राहतो. एरवी कलकलणाऱ्या आवारात अकराच्या घंटेनंतर जी शांतता पसरते, ती मला पंचवीस वर्षं आवडत होती. तीनशे मुलं एका वेळी लिहितात तेव्हा कागदावर पेन सरकल्याचा आवाज नीट कान दिला तर ऐकू येतो. यंदा मी कान दिला नाही.

पेपर संपले की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. मी मराठी शिकवते. माझ्या गठ्ठ्यांत आईवरचे, पावसावरचे आणि फाटक्या पुस्तकाच्या मनोगताचे निबंध असतात. नलू इंग्रजी शिकवायची. शैला गणित शिकवते आणि शिंदे सर भूगोल. घरोघरी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आम्ही चौघं पंधरा-वीस दिवस लाल पेनानं मान मोडायचो. मग गठ्ठे बोर्डाच्या नियामकांकडे पोचवायचे, सही घ्यायची आणि त्याच संध्याकाळी लिमात जायचं. वर्षात आम्ही एरवीही दोन-तीनदा जायचो, पण ही संध्याकाळ चुकायची नाही. "गठ्ठा दिला की लिमा," असं नलू म्हणायची, आणि एखाद्या वर्षी कुणाच्या घरी लग्न निघालं तर लग्नाला उशिरा जावं लागायचं.

लिमा म्हणजे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तालमीच्या मागच्या बोळातली एका घराची पुढची खोली. सहा टेबलं. पाटीवर 'लिमा चायनीज' एवढंच. चालवणारे दत्ताभाऊ मूळचे शाहूवाडीकडचे. विशीत मालवाहू जहाजावर भांडी घासायला गेले. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या लिमाजवळच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं, मालकानं पगार थकवला, आणि हे उतरले ते नऊ वर्षं तिथंच राहिले. एका चिनी म्हाताऱ्याच्या खाणावळीत आधी भांडी, मग भाज्या, मग कढई. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक खोल काळी कढई होती आणि इकडे कुणी कधी न ऐकलेला स्वयंपाक होता.

आम्ही पहिल्यांदा गेलो त्याला आता बारा वर्षं झाली. नलूनं फळ्यावर लिहिलेली यादी वाचली आणि सरळ कढईजवळ जाऊन उभी राहिली.

"हे काय आहे हो? मटण, सोया सॉस आणि त्यातच तळलेला बटाटा? वर भातबी? एकाच ताटात? कुणी शिकवलं तुम्हाला असलं?"

"पेरूनं," दत्ताभाऊ मान वर न करता म्हणाले.

"पेरूनं?"

"फळ न्हवं मॅडम. देश."

"आणि रस्सा?"

"रस्सा न्हाय. रस्सा पायजे तर सगळं कोल्हापूर हाय की तुमचं. बसा, न्हायतर जावा."

नलू बसली. तिला असं बोलणारी माणसं आवडायची. वर्गात ती चोख इंग्रजी बोलायची आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की गंगावेशीतली रांगडी बाई व्हायची. त्या दिवशी जे ताट आलं त्याला दत्ताभाऊ लोमो म्हणतात. मटणाच्या पातळ पट्ट्या, कांद्याच्या बोटभर जाड फोडी, टोमॅटो, हे सगळं मोठ्या जाळावर दोन-तीन मिनिटं परतायचं, शेवटी सोया सॉस आणि व्हिनेगरचा फवारा, आणि तळलेले बटाटे त्यात उलटून लगेच ताटात. बटाटा निम्मा कुरकुरीत असतो आणि निम्मा रसात भिजून मऊ होत जातो. तिकडं यात एक पिवळी मिरची घालतात. ती इथं मिळत नाही. म्हणून दत्ताभाऊ भाजी मंडईतून पिकायला आलेल्या, हिरवेपण सोडून केशरी पडलेल्या मिरच्या एकेक वेचून आणतात, उकडतात आणि वाटतात. "तशी हुत न्हाई," असं ते दर वेळी सांगायचे. आम्हाला 'तशी' कशी असते ते माहीत नव्हतं, त्यामुळे आमची कसलीच तक्रार नव्हती.

"आधी चार मिनिटं कुणी बोलायचं न्हाई," नलूनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. "बटाटा वाट बघत न्हाई."

मी बोलणारी कधीच नव्हते. मला तो नियम सोपा होता. शिंदे सरांचे मात्र हाल व्हायचे.

एकदा नलूनं विचारलं होतं, की चिनी माणूस एवढ्या लांब पेरूत खाणावळ घालायला कशाला गेला. दत्ताभाऊ म्हणाले, "त्यो न्हाई गेला. त्याचा पणजा गेलता. ऊस तोडायला."

"ऊसतोडीला? चीनमधनं?"

"व्हय की. जहाजात भरून नेलंतं म्हणं. माणूस कुठंबी गेलं तरी कुणाचा तरी ऊस तोडतंयच."

आम्ही चौघंही हसलो, आणि मग रस्त्यावरून ट्रॉली गेल्याचा आवाज आला तेव्हा हसणं थांबलं. त्या पणज्याला घरचे मसाले मिळाले नसतील, घरची भाजी मिळाली नसेल. जे होतं त्यात त्यानं घरच्यासारखं काही करायचा प्रयत्न केला असेल, आणि ते जमलं नसेल. त्या न जमण्याची पुढच्या पिढ्यांना सवय लागली. मग एक शाहूवाडीचा माणूस ते शिकून इथं आला, आणि त्यालाही तिकडची मिरची मिळेना. मी तेव्हा या गोष्टीकडे कौतुकानं पाहत होते. दूर राहून पाहिलं की नसणं फार सुंदर दिसतं.

नलू गेली तेव्हा तिच्या घरच्यांना सुतक होतं. दहा दिवस, बारा दिवस, तेरावा. प्रत्येक दिवसाला काहीतरी करायचं ठरलेलं होतं. मैत्रिणीला सुतक नसतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मी पंचगंगेच्या घाटावर मागच्या रांगेत उभी होते आणि घड्याळाकडे पाहत होते, कारण अकराला पेपर होता. त्या दिवशी मला वर्ग सात आला. जिथं ती पडली तिथं मी तीन तास उभी राहिले. खुर्ची होती, पण बसले नाही. मुलांना कुणाला काही माहीत नव्हतं. एकानं पुरवणी मागितली. मी दिली.

त्या वर्षीचे गठ्ठेही आले. नलूचे गठ्ठे दुसऱ्या कुणाकडे गेले. एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी आपापले पोचवले, सह्या घेतल्या आणि दारात उभे राहिलो. कुणी काही ठरवलं नाही. शिंदे सरांनी गाडी वळवली तेव्हा शैला एवढंच म्हणाली, "जायचं व्हय?" आणि आम्ही गेलो.

दत्ताभाऊंना काहीच माहीत नव्हतं. हे विचित्र वाटेल. कोल्हापुरात माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी चौकात फोटोचा फलक लागतो, पेपरात येतं. पण नलूचा फलक तिच्या पेठेत लागला होता, आणि दत्ताभाऊ पेपर वाचत नाहीत. अकरा वर्षांत त्यांना ती किती तिखट खाते, कांदा किती कच्चा लागतो, हे ठाऊक झालं होतं. आडनाव ठाऊक नव्हतं. आम्हाला तरी त्यांचं कुठं ठाऊक होतं?

"मॅडम न्हाई आल्या?" त्यांनी कढईपासूनच विचारलं. "कुठं हायत?"

शैलानं माझ्याकडे पाहिलं. शिंदे सर फळ्यावरची यादी वाचू लागले. आणि मी, जिला नलू 'ए पुस्तकी' म्हणायची, जिनं आयुष्यात शाळेला खोटी रजा टाकली नाही, ती मी म्हणाले, "पुण्याला गेलीये. लेकीकडं."

"बाळंतपणाला?"

"हो," मी म्हणाले.

नलूच्या मुलीचं लग्नही झालेलं नाही.

बाहेर आल्यावर शैला मला खूप बोलली. "अगं, काय हे? कशासाठी?" उत्तर मला घरी गेल्यावर, भांडी विसळताना सापडलं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. महिनाभर मी जिथं जात होते तिथं नलू गेलेली होती. शाळेत, बँकेत, भाजीवाल्यापाशी. "कसं झालं हो एकाएकी," म्हणत माणसं हात धरायची. आणि त्या संध्याकाळी त्या सहा टेबलांच्या खोलीत ती फक्त पुण्याला गेलेली होती. एक माणूस तिची वाट पाहत होता. साऱ्या गावात एवढी एक खोली उरली होती आणि तिचं दार माझ्या एका शब्दानं बंद होणार होतं. तो शब्द मला उच्चारता आला नाही. एवढंच.

मग ते वाढत गेलं. श्रावण संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. जायला नको होतं, असं शैला आजही म्हणते. पण मला जायचं होतं, आणि मला एकटीला सोडायची त्या दोघांची तयारी नव्हती. आम्ही बसायच्या आतच दत्ताभाऊंनी विचारलं, "काय झालं मॅडमच्या लेकीला?"

"मुलगी," शैला म्हणाली.

"मुलगा," शिंदे सर म्हणाले.

दोघांचे शब्द एकाच क्षणी टेबलावर पडले. दत्ताभाऊ झारा हातात धरून आमच्याकडे बघत राहिले.

"जुळं," मी म्हणाले.

दत्ताभाऊंनी झारा कढईच्या काठावर असा आपटला की शेजारच्या टेबलावरचा एक पैलवान दचकला. "ऐका रं सगळी! आमच्या मॅडमना जुळी नातवंडं झाल्यात! एक पोरगा, एक पोरगी!"

खोलीतल्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग पेढं कुठं हायत, पावणं?"

"व्हय की, पेढं पायजेत," पैलवान म्हणाला. "असं कोरडं चालत न्हाई."

शिंदे सर उठले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेऊन आले. आम्ही ते वाटले. नलूच्या नसलेल्या नातवंडांचे पेढे सहा टेबलांवर फिरले. म्हाताऱ्यानं पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाला, "शंभर वर्षं जगूद्या." मीही एक खाल्ला. चांगला होता. घरी जाताना गाडीत शिंदे सर हसायला लागले, शैला हसायला लागली, मी हसायला लागले. मग सरांना गाडी बाजूला घ्यावी लागली. रंकाळ्याच्या कडेला आम्ही तिघं काचा वर करून बसलो. कुणीही कुणाची समजूत घातली नाही.

"नलू असती तर..." शिंदे सर रुमाल काढत म्हणाले.

"तर तिनं तुमचं तोंड फोडलं असतं," शैला म्हणाली. "आणि हिचं आधी."

खरं होतं ते. मला अजूनही वाटतं की हे सगळं नलूला सांगायला हवं. जुळ्याची गोष्ट तिच्याइतकी कुणाला आवडली नसती. ती खुर्चीत मागे रेलून हसली असती, डोळे पुसत "आणि मग? आणि मग?" म्हणाली असती. माणूस गेल्यावर पहिल्यांदा काय अडतं, तर हे. त्याच्या जाण्यानंतर घडलेलं सगळ्यात मोठं काही असतं, आणि ते त्यालाच सांगायचं असतं.

दिवाळीत दत्ताभाऊंनी मला एक पिशवी दिली. आत त्यांच्या बायकोनं हातानं शिवलेली दोन टोपडी होती, एक निळं आणि एक पिवळं, कानावर येणाऱ्या पट्ट्यांची, कडेला बारीक टीप घातलेली. "मॅडमना पाठवा पुण्याला," ते म्हणाले. "थंडी हाय तिकडं. पोरांच्या कानाला वारं लागतंय."

मी ती घरी आणली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. नवऱ्यानं विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हणाले, "कुणाचं नाही." ते खरं होतं. नंतर कित्येक दुपारी मी कपाट उघडून उभी राहायचे. मी लाल पेन घेऊन आयुष्य घालवलंय. चूक दिसली की खूण करायची, अर्धा गुण कापायचा. ही चूक कुठून खोडायची ते मला कळत नव्हतं. सांगितलं तर नलू जाणार होती, पुन्हा, आणि या वेळी माझ्याच तोंडून. नाही सांगितलं तर एक भला माणूस आणि त्याची बायको, मी कधीही न पाहिलेली, न जन्मलेल्या पोरांसाठी उन्हाळ्यात झबली शिवणार होते. रात्र सरायची, सकाळी शाळा असायची, आणि माझ्याच्यानं काही होत नव्हतं.

यंदा पेपर झाले. वर्ग सातवर पर्यवेक्षणाला मला घालू नका, असं मी सांगणार होते. सांगितलं नाही. घातलंही नाही. गठ्ठे आले, तपासले. गेल्या आठवड्यात पोचवले, आणि मी पर्समध्ये ती टोपडी ठेवली.

"आज?" शैलानं गाडीत विचारलं.

"आज."

"तू बोललीस, तूच मोड. मी मध्ये पडणार न्हाई."

"मी फक्त एक सांगतो," शिंदे सर म्हणाले, "मी आता पेढे आणणार न्हाई."

खोलीत दोनच गिऱ्हाइकं होती, कोपऱ्यात, बाहेरगावची. मी बसले नाही. नलू जिथं पहिल्या दिवशी उभी राहिली होती तिथं, कढईजवळ गेले आणि टोपडी बाजूच्या लाकडी फळीवर ठेवली.

"दत्ताभाऊ, ही परत घ्या."

त्यांनी पाहिलं. "मापात न्हाईत व्हय? मी म्हटलंतं बायकोला, जुळी म्हंजे बारीकच असत्यात..."

"मापाचं नाही. पोरं नाहीत."

त्यांचा हात थांबला. चेहरा असा उतरला की मला काय घडलं ते कळायला क्षण लागला. "अरं देवा," ते हळू म्हणाले. "दोन्ही?"

मग मात्र मला थांबता आलं नाही. "दोन्ही नाहीत. कधीच नव्हती. नलूच नाही, दत्ताभाऊ. आमच्या मॅडम. त्या गेल्या. गेल्या वर्षी, मार्चात."

"मार्चात." त्यांनी मनात हिशेब केला. तो त्यांच्या ओठांवर दिसत होता. "मग एप्रिलात तुमी आलता तवा..."

"तेव्हाही."

"श्रावण सरल्यावर पेढं वाटलं तवा..."

"तेव्हाही."

त्यांनी शेगडी बंद केली. तिचा घोंघावणारा आवाज थांबला तेव्हा कळलं, की अकरा-बारा वर्षांत या खोलीत आम्ही शांतता कधी ऐकलीच नव्हती. कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकांकडे वळून ते म्हणाले, "पावणं, आज हुणार न्हाई. उद्या या."

"अवो, ऑर्डर दिल्या की आमी..."

"उद्या या म्हणतोय न्हवं."

ती माणसं गेली. दत्ताभाऊंनी दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या.

"मला सांगायला काय झालंतं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी परका हाय? आमच्यात माणूस गेलं की कडू घास न्यावा लागतोय. अकरा वर्षं बाईनं माझ्या हातचं खाल्लं. आनि मी काय केलं? मी टोपडी शिवली. बायको दोन दिवस बसून शिवत हुती. आनि घास न्हाई नेला."

शैला म्हणाली, "तिचा हेतू तसा..."

"हेतूचं मला काय सांगता, मॅडम? घास न्हाई नेला."

इकडं ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी आणि पाहुणे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना एक घास तरी खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो नेणं हे ज्याचं काही लागतं त्याचं काम असतं. मी वर्षभर माझ्या दुःखाचा विचार केला होता. या माणसाच्या वाट्याचं काहीतरी मी माझ्या कपाटात कोंडून ठेवलंय, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्याच्याकडे नलूला जिवंत ठेवलं, आणि तेवढ्यासाठी त्याला तिच्या मरणातून वगळलं. आता वर्षानंतर ते कसं परत करतात, मला माहीत नाही. अजूनही नाही.

दत्ताभाऊंनी शेगडी पुन्हा लावली, अगदी बारीक. कढईला हात लावला नाही. एका पातेल्यात तांदूळ धुऊन घातले, दुसऱ्यात डाळ. डाळ शिजली. त्यांनी मीठ घातलं. फोडणी दिली नाही. सुतकात फोडणी देत नाहीत. टेबलावरच्या सोया सॉसच्या आणि मिरचीच्या बाटल्या त्यांनी उचलून आत ठेवल्या, आणि स्वतः आमच्या टेबलाशी चौथ्या खुर्चीवर बसले. पहिला घास कालवून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"घ्या, बाई."

नलू गेली त्या दिवशी तिच्या घरी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती. तिच्या नवऱ्याला घास दिला, लेकीला दिला. मी ताटं मांडत होते, पाणी देत होते. मला कुणी दिला नाही, आणि देण्याचं काही कारणही नव्हतं.

मी खाल्ला. शैलानं खाल्ला, शिंदे सरांनी खाल्ला. वरण-भाताला चव नसते असं नाही, पण त्या घासाला होती असं म्हणता येणार नाही.

"कसं झालं?" दत्ताभाऊंनी विचारलं.

वर्षभर लोक "कसं झालं" विचारत होते आणि उत्तर यायच्या आत स्वतःच "नशीब" म्हणत होते. ते थांबून राहिले. म्हणून मी सांगितलं. पेपर चालू होता. मी शेजारच्या वर्गात होते. मला काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेले. दोघे शिपाई तिला उचलून व्हरांड्यातून नेत होते. तिचा एक हात लोंबत होता. मी विचारलं, "काय झालं?" एक म्हणाला, "चक्कर आली, बाई." माझ्या मागे पंचवीस मुलं लिहीत होती. मी दारात उभी होते, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मी पाय आत घेतला. दीड तास मी मुलांच्या रांगांमधून फिरले. हे मी शैलालाही सांगितलं नव्हतं.

शैलानं माझा हात धरला. "अगं, पर्यवेक्षकाला वर्ग सोडता येत नाही. नियमच आहे. तू काय करणार होतीस? डॉक्टरसुद्धा..."

"जायला पायजे हुतं, बाई," दत्ताभाऊ म्हणाले.

"अहो, नियम असतो तसा," शिंदे सर म्हणाले.

"नियम असतोय ते मला कळतंय, सर. मी काय शाळा शिकलो न्हाई व्हय? पोरं काय पळून जाणार हुती? फार तर चार जणांनी बघून लिवलं असतं. जायला पायजे हुतं."

मी मान हलवली. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं नाही. हलकंही वाटलं नाही. वर्षभर माझा नवरा, मुख्याध्यापक, नलूची मुलगी, सगळे मला सांगत होते की मला काही करता आलं नसतं, आणि ते प्रेमानं सांगत होते. ते खरंही असेल. पण मला एक गोष्ट करता आली असती, आणि ती मी केली नाही. ते एका माणसानं ऐकून घेतलं, होय म्हटलं, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

निघताना दत्ताभाऊ दारापर्यंत आले. तिच्या घराचा पत्ता विचारला. शिंदे सरांनी सांगितला. रविवारी ते आणि त्यांची बायको नलूच्या नवऱ्याला भेटायला जाऊन आले, असं मला नंतर कळलं. काय बोलणं झालं, माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता एप्रिल संपत आला. शाळा सकाळची झाली आहे. पुढच्या वर्षी गठ्ठे दिल्यावर कुठं जायचं, हे आम्ही बोललेलो नाही. नलू गेल्याचं माहीत नाही, असं आता आमच्या ओळखीत कुणी उरलेलं नाही.